मावशीच्या संडासातला पऱ्ह्या

डोळे मिटले की मला संडासांचे आवाज ऐकू येतात. हसायचं त्याने खुशाल हसावं. कुणाला देवळातली घंटा ऐकू येते, कुणाला गेलेल्या माणसाची हाक. मला पाणी खाली जातानाचा तो एक घोट ऐकू येतो. धडधाकट संडास पाणी गिळतो आणि गप्प बसतो. तुंबत आलेला संडास आधी जरा विचार करतो, मग पाणी काठापर्यंत वर आणून दाखवतो, आणि पुष्कळ वेळाने, उपकार केल्यासारखं, खाली नेतो. नळीत हवा कोंडली असेल तर ढेकर देतो. आणि टाकीतला वायसर गेला असेल तर भांड्यात एक बारीक धार लागते, दिवसरात्र, कुणाच्या लक्षात न येता. ती धार मला सगळ्यांत जास्त आठवते, कारण ती मावशीच्या घरची आहे.

मी महाडची. आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून पत्रकं काढतो, वाटतो, भिंतीवर चिकटवतो आणि शिव्या खातो. विषय बदलत राहतात, पण संडासाचा विषय काही सुटत नाही. संडास बांधून होतो, त्याच्यापुढे घरच्या बाईला उभं करून फोटो काढून होतो, आणि तिथेच त्या संडासाचं सरकारी आयुष्य संपतं. पुढे तो तुंबला तर काय करायचं, हे त्या बाईला कुणी सांगत नाही. फोटोत तिचा पदर सारखा करायला मात्र सगळे असतात.

पोलादपूरकडे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांत आम्ही पुष्कळ हिंडलो. पावसाळ्यात तिथे ढग पुढच्या दाराने घरात येतो, चुलीपाशी जरा थबकतो आणि मागच्या दाराने निघून जातो. अशा एका ढगात चालत मी एका घरामागचा संडास उघडला होता. आत लाकडं रचलेली, आणि भांड्यात पेंढा घालून कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की दार मीच हळूच ओढून घेतलं. घरची बाई म्हणाली, "पानी जातच नाय बाय त्यात. मग म्हटलं कोनाच्या तरी कामाला येऊ दे." मी पत्रक पुढे केलं. ती म्हणाली, "हां, मागच्या येळचं पन हाय. चांगलं पेटतं."

त्या दिवशी मला राग आला तो तिचा नाही. वापरा, वापरा म्हणून ओरडणाऱ्या आमच्याच कागदाचा. तुंबलेली वस्तू माणसाने वापरायची कशी? तेव्हापासून पत्रकाच्या मागच्या बाजूला आम्ही दुरुस्ती छापायला लागलो आणि मी ती हाताने करायला शिकले. वास येतो तर भांड्याखालच्या वाकड्या नळीत पाणी टिकतंय का बघा. ते पाणी म्हणजेच वासाला लावलेलं दार. बादली ओतल्यावर पाणी वर येतं का, आणि किती वेळ रेंगाळतं ते बघा. असलं साधंच. पण संडासात वाकून बघायला लाज वाटते. लाज फार महागात पडते, आणि ती बायकांनाच अंगावर काढावी लागते.

माझी मावशी महाडजवळ तुडीलला राहते. आईची थोरली बहीण. काका जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, मुंबईला असतो. मी त्याला दादा म्हणते. घरापुढे अंगण, अंगणापलीकडे भातशेती, आणि शेत संपतं तिथे सावित्री नदी. मागे लगेच चढ आहे, म्हणून संडास घराच्या बाजूला, अंगणाकडेच तोंड करून बांधलेला. मावशीला ते कधीच आवडलं नाही. पण जागाच तेवढी होती.

गेल्या पावसाळ्यात मावशी पायरीवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती वॉकर धरून चालायला लागली, पण खाली बसणं कायमचं संपलं. दादाने जुन्या संडासात कमोड बसवून दिला, वर पाण्याची टाकी लावून दिली. वर्षभर ते चाललं. मग गणपती आले, मुंबईची सगळी मंडळी आली, घर भरलं, संडासाला उसंत मिळाली नाही. गणपती गेले आणि संडास तुंबला.

शेजारचे संडास उकिडवं बसायचे, म्हणजे मावशीला निरुपयोगी. मग तिने तिच्या परीने उपाय काढला. जेवण कमी केलं. चहा अर्धा कप. पाणी तर घसा सुकला तरच, घोटभर. आईला फोनवर ती सांगायची, "मी मजेत हाय." आईला ते खरं वाटलं नाही. नवरात्रात मी तिला बघायला गेले तेव्हा ती दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यासारखी दिसत होती.

दादाने ठरवूनच टाकलं होतं. दसऱ्याला गाडी घेऊन यायचं आणि मावशीला मुंबईला न्यायचं. घराला कुलूप.

"अगं, तिथे लाइफ काय आहे तिची?" तो फोनवर म्हणाला. "इथे सब कुछ आहे. लिफ्ट आहे, डॉक्टर खाली आहे, कमोड आहे."

"तिच्याकडे पण आहे."

"चालतो का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाहीतर असं कर ना," तो म्हणाला, "महाडवरून कोण माणूस आण. उतरेल खाली, करेल साफ. त्याचं जे काय असेल ते देऊन टाकू."

"तू उतरशील?"

"मी कशाला?"

"मग तो कशाला?"

मी फोन ठेवला, कारण पुढचं बोलले असते तर दसऱ्याला तोंड दाखवायची सोय उरली नसती. खड्ड्यात माणूस उतरवायचा, आणि तो माणूस कोण असतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी वाक्यात त्याला नुसतं 'कोण माणूस' म्हणायचं. ह्या एका वाक्यासाठी मी आयुष्यभर पत्रकं वाटीन. मावशीचा संडास दोन खड्ड्यांचा आहे. दोन खड्डे असतातच ह्यासाठी की कुणाला उतरावं लागू नये. भांड्यातली नळी एका लहान चौकोनी चेंबरमध्ये येते, तिथून दोन फाटे निघतात. एक फाटा बंद ठेवायचा. एक खड्डा भरला की त्याचं तोंड बुजवायचं आणि दुसऱ्याचं उघडायचं. भरलेला तसाच मिटून ठेवला की काही वर्षांनी त्याची माती होते. इतकी शहाणी रचना आहे ही. आणि घरोघर ती विसरून गेलेले आहेत.

मावशीला मी विचारलं, "तुला जायचंय मुंबईला?"

ती म्हणाली, "मला इचारतंय कोन?"

"मी विचारते ना."

"मला माझ्या घरात ऱ्हायचं हाय," ती म्हणाली. इतकं सरळ ती कधी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान घेऊन परत तुडीलला गेले. दांड्याचा रबरी पंप, हातमोजे, गमबूट, बांबूची लांब कामटी, दोनतीन मापांचे वायसर आणि नीळ. नदीवर धुकं होतं, इतकं दाट की सावित्री दिसत नव्हती, नुसती तिची जागा दिसत होती. भात पिवळं पडत आलं होतं. मावशी ओटीवर बसून कापसाच्या वाती वळत होती. आत देवाजवळ घट बसलेला.

"नवरात्रात हे असलं काम काढलंस गो?" ती म्हणाली.

"देवीला विचारलं. ती म्हणाली, कर."

"तुला बरी ती बोलते."

मी आत गेले आणि आधी काहीच केलं नाही. दार लावून उभी राहिले, ऐकत. हे मी नेहमी करते. लोकांना वाटतं ही आत काय करते एवढा वेळ. भिंतीवर ओल चढली होती, वरच्या झरोक्यातून धुक्यातला मऊ उजेड येत होता, आणि कमोडमध्ये बारीक धार कुजबुजत होती. सर सर सर सर. उभ्या उभ्या मला झोप यायला लागली.

"मावशी, हे पाणी कधीपासून वाजतंय?"

"सुरुवातीपासनं. पऱ्ह्या वाजतो तसं वाजतं ना? माझ्या खोलीत ऐकू येतं. बरं वाटतं. झोप लागते."

तिच्या माहेरी घरामागे पऱ्ह्या होता, डोंगरातून येणारा. आई पण त्याच्या गोष्टी सांगते. मावशीच्या उशाशी म्हणजे वर्षभर माहेरचा ओहोळ वाहत होता, आणि तो तिचा खड्डा भरत होता. टाकीच्या पाण्यात मी नीळ घातली आणि कमोडमध्ये बघत बसले. जरा वेळात भांड्याच्या मागच्या कडेने निळी रेघ उतरायला लागली, एखाद्या मुलाने खडूने ओढावी तशी. वायसर बदलला. रेघ थांबली. पऱ्ह्या थांबला. घर एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं.

"बंद केलास का गो?" ओटीवरून मावशी.

"केला."

"हं," ती म्हणाली, आणि वाती वळायची थांबली.

मग बादली ओतली. पाणी वर आलं, काठाशी थबकलं, आणि विचार करत बसलं. पंप मारला, काही नाही. कामटी घातली, ती वाकड्या नळीतून सरळ पलीकडे गेली. म्हणजे भांडं मोकळं. पलीकडे लांबवर मात्र कामटीला काहीतरी मऊ लागत होतं, उशी लागावी तसं. कामटी तिथे संपत होती. म्हणजे दुखणं पुढे, चेंबरमध्ये किंवा खड्ड्यात. पावसाळ्यात नदी चढते तेव्हा इथल्या जमिनीत पाण्याला जागाच नसते, तेव्हा खड्डा जिरवत नाही, ते समजू शकतं. पण आता नदी उतरली होती.

बाहेर येऊन मी पहारीने अंगण ठोकायला लागले. खड्ड्यांवर झाकणं असतात, झाकणांवर माती चढते, पण आवाज लपत नाही. लाकडांच्या राशीजवळ जमीन बद्द वाजली. पोट भरलेल्या माणसासारखी. हा भरलेला खड्डा. पलीकडे अबोलीच्या रोपांशी ती पोकळ वाजली, मडक्यासारखी. दुसरा खड्डा, कोरा. इतकी वर्षं त्याला कुणी हातच लावलेला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी पहार टाकून मातीवरच बसले. आता फक्त चेंबर शोधायचा, एक तोंड बंद, एक उघडं, आणि मावशी तुडीलला राहणार.

"मावशी, चेंबर कुठे आहे?"

"कसला चेंबर?"

"पाइप येतो, दोन खड्ड्यांना फाटा फुटतो, ती चौकोनी खाच. वर झाकण असतं."

"मला काय ठावं. गवंडी बांधून गेला."

"कुठला गवंडी?"

"मेला तो," ती म्हणाली. "चांगला होता बिचारा."

ती माझ्याकडे बघत नव्हती. वात इतकी बारीक वळत होती की ती तुटली. मी संडासाच्या भिंतीपाशी गेले, पाइप निघतो तिथे पाठ टेकून उभी राहिले आणि समोर पाहिलं. डावीकडे लाकडं, उजवीकडे अबोली, आणि बरोबर मध्ये, अंगणाच्या मधोमध, तुळशीवृंदावन.

ती तुळस अख्ख्या गावात नावाजलेली. चैत्रात सगळ्यांच्या तुळशी काड्या होतात, मावशीची हिरवीगार. शेजारणी मंजिऱ्या मागून न्यायच्या. "तुझा हातगुण गो," म्हणायच्या. मी लहानपणापासून त्या तुळशीला नमस्कार करत आले आहे.

"मावशी."

"काय?"

"तिच्याखाली आहे ना?"

मावशीने वाती बाजूला ठेवल्या. "तू लहान होतीस," ती म्हणाली. "दादाचं लगीन ठरत होतं. पोरीकडची मानसं घर बघायला येनार. आनि दारातनं आत शिरलं की समोर काय, तर ते झाकन. सगळ्यांना कळनार खाली काय हाय ते. मी गवंड्याला बोलले, ह्याच्यावर मला वृंदावन बांधून दे. तो नको नको बोलत होता. मी ऐकलं नाय."

"आणि ती माणसं?"

"आली. हात जोडून उभी ऱ्हायली." तिच्या तोंडावर जरासं हसू आलं आणि गेलं. "जिथं मानूस हात जोडतो तिथं नाक कोन धरील?"

माझ्या जिभेवर अख्खं पत्रक आलं होतं. मावशीने पुढे जे सांगितलं त्याने ते तिथेच राहिलं. रोज संध्याकाळी दिवा लावताना ती तुळशीची माफी मागायची. देवाला असल्या जागी बसवलं म्हणून. पाय मोडला तेव्हा ती मनात म्हणाली, झाली शिक्षा. संडास तुंबला तेव्हा म्हणाली, अजून राग गेला नाय. डॉक्टरला नाही, दादाला नाही, आईला नाही, कुणाला हे सांगितलं नव्हतं.

"मग हलवू तिला," मी म्हटलं. "दुसरीकडे ठेवू. चांगल्या जागी."

"आता?"

"दसऱ्याला दादा येतोय."

"दिवाळीनंतर लगीन हाय तिचं," मावशी म्हणाली. "लगीन ठरलेल्या पोरीला घरातनं काढतात का? तुळशीच्या लग्नानंतर काय ते कर."

"तोपर्यंत तू मुंबईत असशील."

"मग असंन."

आता हिच्याशी भांडायचं कसं? बाहेरच्यांशी मी भांडते. ग्रामसेवकाशी, ठेकेदाराशी, चांगल्या दोन खड्ड्यांवर गाडी उभी करणाऱ्या शिक्षकाशी. पण मावशी हट्टाने नाही, भीतीने बोलत होती. तिच्या हिशेबाने आधीच एक पाय गेला होता. मी पहार भिंतीला टेकवली, हातपाय धुतले आणि ओटीवर आडवी झाले. धुकं उठलं होतं. भातावरून गरम वारा येत होता, त्यात पेंढ्याचा आणि नदीच्या गाळाचा वास. कुठे तरी पंपाचं इंजिन टुकटुकत होतं. ते हळूहळू लांब गेलं, आणि मला झोपेत दिसलं की मी आंबेनळीच्या त्या ढगातून चालते आहे आणि जमिनीखाली, माझ्या पावलांबरोबर, पाणी चालतं आहे. किती घरांखालून, कुणाकुणाचं, काही वेगळं ओळखू येत नव्हतं.

"ऐक गो." मावशी वॉकरला धरून उभी होती, माझ्या डोक्याशी.

"काय झालं?"

"मुंबईला दादाच्या खिडकीत तुळस हाय. कुंडीत. मागच्या टायमाला बघितली मी. काडी नुसती."

"मग?"

"मी गेले तर हिला दिवा कोन लावील?"

मी उठून बसले. "कुणीच नाही," म्हटलं.

"हलवली तर रागावंल. बरं. आनि सोडून गेले तर?"

ती मला विचारत नव्हतीच. तिने वॉकर अंगणाकडे वळवला. मग म्हणाली, "नवरीला बोहल्यावर मामा न्हेतो ना? हिला मामा नाय. तू हो."

"मी मामा?"

"त्याला मिशी लागत नाय."

माजघरात एक गळका तांब्याचा हंडा पडून होता. मावशीने तो चिंच लावून घासून घेतला, माझ्याकडून. त्यात शेतातली माती भरली. मग ती वृंदावनाशी गेली, हळदकुंकू वाहिलं, आणि वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानेच तुळशीशी काहीतरी बोलली. काय बोलली ते मी ऐकलं नाही. तिने खूण केली तशी मी हातांनी माती उकरायला लागले.

तुळस वर यायला तयार नव्हती. आजूबाजूची माती सगळी काढली तरी ती खालून कुणी धरून ठेवल्यासारखी. शेवटी विटांचा एक थर पहारीने सोडवला, तेव्हा दिसलं. झाकणाला मधोमध तडा गेलेला होता आणि तुळशीची मुळं त्यातून खाली उतरली होती. कोयत्याने ती तड्यापाशी कापली आणि तुळस हातात आली, वरच्या मातीच्या गोळ्यासकट, चांगली जड. मी तिला दोन्ही हातांवर घेऊन ओटीपर्यंत चालत गेले. मावशी पुढे वॉकर टेकत, मी मागे. अंगण ओलांडायला आम्हाला वरातीइतका वेळ लागला.

मग झाकण सरकवलं, आणि तोंडाला फडकं बांधून लांब जाऊन बसले. आतली हवा आधी जाऊ द्यायची असते. परत येऊन पाहिलं तर चेंबर मुळांनी भरलेला. पांढरी, बारीक, एकमेकांत विणलेली मुळं, सुगरणीचा खोपा पाण्यात बुडवून ठेवावा तशी. माझ्या कामटीला लागलेली उशी ती हीच. काठीला कोयता बांधून वरूनच मी ती सोडवून बाहेर ओढली आणि मातीवर टाकली.

मावशी जवळ आली. तिने नाकाला पदर लावला नाही. नुसती बघत राहिली.

"हे तिचं?"

"तिचंच. म्हणून तर चैत्रात पण हिरवी."

"म्हंजे ती रागावली नव्हती?"

"रागावलेलं माणूस एवढं वाढतं का?"

मावशी मुळांकडे बघत होती, मग ओटीवरच्या हंड्याकडे, मग पुन्हा मुळांकडे. "मी मेली इतकी वर्सं माफी मागते हाय," ती म्हणाली, "आनि ही खाली बसून जेवतेय." आणि ती हसायला लागली. वॉकर धरून, आवाज न करता, खांदे हलवत. मला वाटलं आता पडेल, म्हणून मी धावले, पण हात मळलेले असल्यामुळे तिला धरता येईना. मग मीही तशीच, हात अंगापासून लांब धरून, हसत उभी राहिले.

उरलेलं काम सोपं होतं. लाकडांकडच्या फाट्याचं तोंड विटेचा तुकडा आणि चिकणमाती लावून बुजवलं. अबोलीकडच्या फाट्यात इतकी वर्षं बसलेली वीट काठीने पाडून बाहेर ओढली. तड्याला सिमेंट भरून झाकण परत ठेवलं, आणि त्याच्यावर काहीही बांधायचं नाही हे मावशीकडून वदवून घेतलं. ती म्हणाली, "रांगोळी चालंल?" रांगोळी चालेल म्हटलं.

संडासात जाऊन बादली ओतली. पाणी वर आलंच नाही. एक घोट, आणि गप्प.

टाकीत पाण्याने भरलेली, बूच घट्ट लावलेली एक बाटली मी ठेवून दिली, म्हणजे दर वेळी तेवढं पाणी कमी जाईल. नदीकाठच्या खड्ड्याला पाणी जपूनच द्यावं. मावशीला हे पटलं. एकच तक्रार तिने केली. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "झोप लागली नाय गो. पऱ्ह्या आटला ना."

दसऱ्याला मी आईला घेऊन गेले. आई सरळ चुलीपाशी गेली. मावशीने ओटीवर अवजारांची पूजा मांडली होती. कोयता, विळी, पहार, आणि त्यांच्या रांगेत, धुऊन पुसून, माझा रबरी पंप. त्यालाही हळदकुंकू, त्यालाही झेंडूचं फूल. शेजारी हंड्यातली तुळस जराशी मान टाकलेली, पण शेंड्याला नवी पानं. अंगणात मधोमध झाकणावर रांगोळी होती, उघड्यावर, दारातून शिरणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी.

दादा आला तेव्हा आधी त्याला ती रांगोळी दिसली. "वृंदावन कुठे गेलं?" त्याने विचारलं.

"ते मागनं सांगते," मावशी म्हणाली. "आधी जाऊन ये."

"कुठे?"

तिने संडासाकडे बोट केलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पंपावरचं फूल नीट करत होते. तो गेला. मावशीने बोट वर करून आम्हाला गप्प केलं. आई पळी हातात घेऊन चुलीपाशी थांबली. एक घोट ऐकू आला. मग काही नाही.

दादा बाहेर आला, हात धुतले, ओटीच्या कडेला बसला. "ठीक आहे," तो म्हणाला. "पण मी गाडी आणलीय, आई. निदान दिवाळीनंतर तरी…"

"दिवाळीनंतर लगीन हाय घरात," मावशी म्हणाली. "पोरीकडची मानसं घर सोडून जातात व्हय?"

"मग ही गाडी?"

"भोपळे न्हे. लई झालेत."

दादा हसला नाही, पण त्याने चप्पल काढून पाय वर घेतले. आपट्याची पानं पुढे केली, मावशीच्या पाया पडला. मग त्याने तुळशीच्या हंड्याकडे बघत मला हळूच विचारलं की हे सगळं कुणी केलं, आणि मी म्हटलं, नवरीच्या मामाने.

मावशी आत वळली होती. "पानी दे गो," ती मला म्हणाली. मी पेला भरायला घेतला. "पेला नको," ती म्हणाली, "तांब्या दे." मी तांब्या भरून दिला. ती भिंतीला टेकून उभी राहिली, तांब्या वर धरला, आणि आम्ही सगळे बघत असताना सावकाश, मध्ये श्वास घेत घेत, रिकामा केला.